नाशिकहून ऑपेराकडे : तरुण टेनर आणि त्याच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला माझ्या घरी मी पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकवतो. विद्यार्थी मोजके असतात, प्रश्न मात्र रोज येतात. बरेचसे आईवडिलांचे असतात. काही प्रश्न मुलं रात्री उशिरा पाठवतात, घरी विचारायची सोय नसते म्हणून. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. टेनर म्हणजे नेमकं काय? मुलाचा आवाज उंच जातो, म्हणजे तो टेनर का?

पुरुषांच्या नेहमीच्या आवाजांत बास सर्वांत खालचा, बॅरिटोन मधला आणि टेनर वरचा. टेनरचा पल्ला ढोबळमानाने पियानोच्या मधल्या सीच्या खाली एक सप्तक आणि वर एक सप्तक असा असतो. वरचा सी लागतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला सुमारे ५२३ वेळा कंप पावतात.

पण कोण किती उंच ओरडू शकतो यावरून टेनर ठरत नाही. वर जाताना आवाजाला एक वळण येतं, तिथे बोलण्याचा आवाज सोडून सूर आतून फिरवावा लागतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर टेनरचं हे वळण मधल्या सप्तकात काळी तीनच्या आसपास येतं, बॅरिटोनचं त्याआधीच, काळी दोन-पांढरी तीनपाशी. दुसरी खूण म्हणजे आवाज कुठे न थकता राहतो. एक सूर सगळेच चोरून लावतात. वीस मिनिटं त्या उंचीवर राहून घसा ताजा असेल तर टेनरचा विचार करावा.

२. कोणत्या वयापासून शिकवावं?

सूर, ताल, पियानोची ओळख आणि नोटेशन लहानपणापासून शिकवा. आवाज साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी फुटतो. त्या काळात गाणं बंद करायची गरज नसते, पण हलकं आणि मधल्या पट्टीतच गावं. ऑपेराचं खरं शिक्षण सतरा-अठरानंतर. तेव्हाही आवाज कच्चाच असतो, विशीच्या मध्यापर्यंत तो बदलत राहतो. सोळाव्या वर्षी "हा टेनरच" असा शिक्का कुणी मारला तर घाईने मानू नका (प्र. १४).

३. माइकशिवाय एवढ्या वाद्यवृंदावरून आवाज ऐकू कसा जातो? ओरडावं लागत असेल ना?

ओरडून कुणी तीन तास टिकणार नाही. वाद्यवृंदाचा सर्वांत जास्त जोर साधारण ५०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. शिकलेल्या पुरुष गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्‌झच्या जवळपास एक लखलखीत पट्टा तयार होतो, जिथे वाद्यं तुलनेने दुबळी असतात. कान तो पट्टा बरोबर टिपतो. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवलं. स्वरयंत्राच्या वरची जागा योग्य आकारात ठेवायला शिकलं की हा पट्टा उमटतो, त्याला जोर लावावा लागत नाही.

४. तो आठ वर्षं हिंदुस्थानी शास्त्रीय शिकलाय. ते सोडावं लागेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. आपलं गाव तसं आहेच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये ते गेले, तोवर त्यांचं नाव देशभर झालं होतं. मग पालक म्हणतात, चौदाव्या वर्षी मैफल होते, तर तुम्ही आमच्या विशीतल्या मुलाला थांब का म्हणता?

कारण पट्टी. आपल्याकडे गवई स्वतःच्या गळ्याला झेपेल तो षड्ज निवडतो, तानपुरे त्याला जुळवले जातात. लहान गळ्याला लहान गळ्याचा सा मिळतो. ऑपेरात सूर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो, समोर साठ-सत्तर वाद्यं असतात आणि हाताशी माइक नसतो. तिथे संगीत गळ्याकडे येत नाही, गळ्यालाच तिथवर पोचावं लागतं. म्हणून थांबावं लागतं.

आता मूळ प्रश्न. सुराची जाण, श्वासावरचा ताबा, तासन्‌तास बसायची सवय, हे सगळं कामाला येतं. अडचण येते ती सवयींची. दोन सुरांच्या मध्ये मींड आपोआप येते. आकार बऱ्याचदा उघडा आणि सपाट असतो, तर ऑपेरात पडजीभ वर, घसा जांभईसारखा मोकळा. पहिली दोन वर्षं मी दोन्ही चालू ठेवायला सांगतो, फक्त एकाच दिवशी नको. नंतर व्यवसाय म्हणून एकच निवडावं लागतं. ते मी कुणाला गोड शब्दांत सांगत नाही, कारण दोन्हींना आयुष्य लागतं. आणि हे आधीच्या गुरूंना स्वतः जाऊन सांगा. त्यांना दुसऱ्याकडून कळू नये.

५. आम्ही मराठी माध्यमातले. इटालियन, जर्मन कसं जमणार?

इटालियन तुम्हाला इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा सोपं जाईल, हे मी वर्गात दरवर्षी बघतो. आपले आ, ए, ई, ओ, ऊ स्वच्छ असतात, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत नाहीत. इटालियनचा त आणि द आपल्यासारखाच दातांवरचा, हवा न सोडणारा. इटालियनमधली जोडाक्षरं इंग्रजी बोलणारे गिळतात. आपण पत्ता, सुट्टी, रस्सा म्हणतच मोठे झालो, तिथे थांबायचं कसं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मी मुलांना ओळ आधी देवनागरीत लिहायला लावतो.

जर्मन आणि फ्रेंच मात्र अवघड. ओठ ऊचे आणि जीभ ईची, असा त्यांचा एक स्वर आपल्याकडे नाही. फ्रेंचचे अनुनासिकही वेगळे. त्यासाठी भाषेचा स्वतंत्र वर्ग लावा. जर्मनीत शिकायचं असेल तर तो तसाही लागणार आहे (प्र. ११).

६. नाशिकमध्ये राहून हे होईल का? की मुंबईलाच जावं लागेल?

पाया नाशिकमध्ये होतो. नियमित गुरू, घरी सूर लावलेला पियानो किंवा निदान ८८ पट्ट्यांचा डिजिटल, आणि आठवड्याला एक कॉयर, म्हणजे समूहगायन. पुढे दोन-तीन वर्षांनी मुंबईशी संबंध ठेवावा लागतो. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, मोठ्या वाद्यवृंदासमोर माणसाचा आवाज कसा उठतो ते तिथे बसून ऐका. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं होतं, ते २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तिथेही कार्यक्रम होतात. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनच्या रॉयल कॉलेजात शिकवणाऱ्या सोप्रानो (स्त्रियांच्या वरच्या आवाजाच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारियो यांनी भारतातल्या तरुण गायकांना घडवायला बरीच वर्षं दिली आहेत. अशा शिबिरांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. गायला नाही मिळालं तरी श्रोता म्हणून बसा.

भारतात बारमाही चालणारी ऑपेरा कंपनी नाही. त्यामुळे पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून हे करायचं तर बाहेर जावंच लागतं. हे पहिल्या भेटीतच सांगितलेलं बरं.

७. आम्ही ख्रिस्ती नाही. चर्चच्या कॉयरमध्ये गेलं तर चालेल का?

आधी विचारा, आदराने जा, उपासनेच्या वेळी उपासनेसारखं वागा. मग बहुतेक ठिकाणी टेनरला जागा असते, कारण टेनर कमीच असतात. नाशिकमध्ये ही परंपरा जुनी आहे. शरणपूरची वस्ती एकोणिसाव्या शतकातली. ना. वा. टिळकांची मराठी पदं 'उपासना संगीत'मधून आजही गायली जातात. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत केवढी गर्दी लोटते ते तुम्ही पाहिलंच असेल.

कॉयरमध्ये मुलगा तीन गोष्टी शिकतो ज्या एकट्याच्या शिकवणीत येत नाहीत: शेजाऱ्याचं ऐकणं, समोरचा कागद वाचून तिथल्या तिथे गाणं, आणि हळू गाणं. हँडेलचं 'मसाया' डिसेंबरमध्ये कुठे असलं तर नक्की जा. १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा सादर झालेल्या त्या रचनेत वाद्यांनंतर कानी पडणारा पहिला मानवी आवाज टेनरचा आहे.

८. ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात का?

द्या, पण त्यांना करिअर समजू नका. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या दोन्ही लंडनच्या संस्थांच्या परीक्षा पहिल्या ते आठव्या ग्रेडपर्यंत असतात. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडपासून पुढे बसायला पाचव्या ग्रेडची थिअरी (किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा) पास असावी लागते, हे अनेकांना फॉर्म भरताना कळतं. ट्रिनिटीत ती अट नाही. परदेशी कॉन्झर्व्हेटरी (संगीत महाविद्यालय) प्रमाणपत्राकडे एकदा बघते आणि मग ऑडिशन ऐकते.

९. पहिली काही वर्षं काय गायचं? त्याला 'नेसून दोर्मा'च गायचंय.

सगळ्यांनाच गायचं असतं. मलाही होतं. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी ते गायलो. तेव्हा मला शिकवणारे म्हणायचे, "ओढ, अजून ओढ." शेवटचा वरचा सूर मी ओढला, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हाक मारली तर तोंडातून नुसती हवा आली. तीन आठवडे आवाज नव्हता. आवाज परत आला, पण वरच्या सुरांना घाबरायची सवय लागली. ती जायला दोन वर्षं लागली. त्या वर्षांत मी जे शिकलो असतो ते राहून गेलं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी जरा लांबवून देतो.

ती आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं, पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या १९२६ च्या ऑपेरातली. प्रसिद्ध इटालियन टेनर पावारोत्ती १९६१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, रेज्जो एमिलियाला 'ला बोएम'मधून रंगमंचावर आले. 'तुरांदोत'ची ध्वनिमुद्रिका त्यांनी १९७२ मध्ये केली, आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली. आणि ती भूमिका रंगमंचावर पहिल्यांदा केली १९७७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला. पदार्पणानंतर सोळा वर्षांनी! जगाने ज्यांच्या आवाजात हे गाणं ओळखलं, त्यांनी एवढा दम धरला.

मग गायचं काय? वाक्काईचे छोटे इटालियन पाठ, जुनी इटालियन गाणी, हँडेल, शूबर्टची सोपी गाणी, तोस्ती. त्यानंतर मोत्सार्ट. मोत्सार्टमध्ये लपायला जागा नसते, श्वास तुटला की लगेच कळतं, म्हणून तो तरुण टेनरचा खरा गुरू. डोनिझेत्तीचा हलका नायक त्यानंतर. व्हेर्दीचे भारी नायक आणि पुच्चिनीची ही आरिया यांची आठवणही काढू नये.

मध्यंतरी निफाडकडचा एक विद्यार्थी याच हट्टाने आला. मी त्याला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं आणि शहाळ्याची नळी. नळी पाण्यात दोन बोटं बुडवायची, ओठ मिटून नळीतून 'ऊ' काढायचा, सा पासून पंचमापर्यंत घसरत जायचं आणि परत यायचं. बुडबुडे सारखे एका लयीत यायला हवेत. त्याचे बुडबुडे मध्यमापर्यंत छान आले, पंचमाला एकदम उसळून पाणी टेबलावर. श्वास ढकलला की असं होतं. दहा दिवस त्याने घरी फक्त हेच केलं. अकराव्या दिवशी पाणी पेल्यातच राहिलं, आणि नळी बाजूला ठेवून त्याने तोच सूर लावला तेव्हा त्याच्या मानेवरची शीर दिसत नव्हती. 'नेसून दोर्मा'चं नाव त्यानंतर त्याने काढलेलं नाही.

१०. मिसळ, दही, थंड पाणी, द्राक्षं बंद करायची का?

अन्न आणि पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. त्रास होतो तो रात्री उलट वर येणाऱ्या आम्लाचा. सकाळी मिसळ खाऊन संध्याकाळी छान गाणारी मुलं मी पाहिली आहेत. रात्री अकराला तर्री ओरपून झोपलं आणि सकाळी घसा जड, खाकरावं लागतंय, असं होत असेल तर कारण तेच. झोपण्याआधी तीन तास खाऊ नका. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, गायच्या आधी पाच मिनिटं ढोसून उपयोग नाही. थंडीत आपल्याकडे हवा कोरडी असते, तेव्हा साध्या पाण्याची वाफ घ्या, त्यात बाम घालू नका. खाकरणं मात्र खरंच सोडा. तंबाखू आणि सिगारेटबद्दल मी चर्चा करत नाही.

११. बारावीनंतर लगेच परदेशी पाठवावं का? खर्च झेपेल का?

घाई नको. पदवी इथे करून विशी-बाविशीत पदव्युत्तर शिक्षणाला जाणं टेनरला उलट सोयीचं असतं, तोवर आवाज बऱ्यापैकी स्थिरावलेला असतो. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्स करत असेल तर वर्षं वाया गेली असं समजू नका. पावारोत्तींनी प्राथमिक शाळेत शिकवलं, विमा विकला. जर्मनीचे योनास काउफमान गाण्याआधी गणित शिकत होते.

ब्रिटनच्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज 'यूकॅस कॉन्झर्व्हेटॉयर्स'मधून जातात आणि मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. इथले पालक फेब्रुवारीत चौकशी करतात, तेव्हा गाडी गेलेली असते. लंडनच्या गिल्डहॉलचा अर्ज वेगळा. फी आपल्यासाठी जबर, शिष्यवृत्तीशिवाय विचार करू नये. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो द्यावे लागतात. राहण्याचा खर्च सगळीकडे आहेच. अमेरिकेत फिलाडेल्फियाचं कर्टिस इन्स्टिट्यूट शिक्षणशुल्क घेत नाही, पण जागा हातावर मोजण्याएवढ्या.

घर गहाण ठेवून पाठवायचं का, असं एका आईने विचारलं होतं. मी नको म्हटलं. अजून वर्षभर तयारी करून शिष्यवृत्तीसाठी पुन्हा प्रयत्न करावा. या व्यवसायात आवाजाला वर्ष जास्त मिळालं तर नुकसान नाही.

१२. स्पर्धा कधी द्यायच्या?

शहरातल्या, कॉलेजच्या, लगेच. आंतरराष्ट्रीय स्पर्धा शिक्षण बऱ्यापैकी झाल्यावर. कार्डिफची बीबीसी स्पर्धा १९८३ पासून, प्रसिद्ध टेनर प्लासिदो डोमिंगोंची ओपेरालिया १९९३ पासून, जर्मनीची नॉये श्टिमेन १९८७ पासून चालते. वयाची अट बहुधा तिशीच्या आसपास संपते, दर वर्षीचे नियम वाचा. पावारोत्तींना पहिली भूमिका मिळाली तीही स्पर्धा जिंकल्यामुळेच. पण बक्षिसाहून मोठा फायदा म्हणजे परीक्षकांत बसलेले थिएटरवाले तुम्हाला ऐकतात.

१३. शिक्षणानंतर पहिलं काम मिळतं तरी कसं?

तीन वाटा आहेत. ऑपेरा हाऊसचे तरुण गायकांसाठीचे कार्यक्रम: न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा (मेटचा) लिंडेमन, लंडनचा जेट पार्कर, झुरिकचा ऑपेरा स्टुडिओ. तिथे पगार मिळतो, छोट्या भूमिका मिळतात आणि मोठ्या गायकांच्या तालमी जवळून बघता येतात. दुसरी वाट जर्मनीतल्या लहान शहरांची, जिथे थिएटर एका-दोन वर्षांच्या कराराने गायक ठेवतं आणि एका हंगामात अनेक भूमिका कराव्या लागतात. तिसरी कोरसची. कोरसला कमी लेखू नका, नियमित पगार आहे आणि अनेकांचं आयुष्य त्यात समाधानाने जातं.

कधी दार अचानक उघडतं. पेरूचे हुआन दिएगो फ्लोरेस १९९६ मध्ये पेझारोच्या रोसिनी महोत्सवात लहान कामासाठी आले होते. मुख्य टेनर आजारी पडला आणि २३ वर्षांच्या फ्लोरेसनी ती अवघड भूमिका थोड्या दिवसांत बसवून केली. त्याच वर्षी ते मिलानच्या ला स्कालामध्ये गायले. लोक याला नशीब म्हणतात. नशीब होतंच, पण ती भूमिका त्यांच्या हलक्या, चपळ आवाजाच्या मापाची होती, हे विसरू नका (प्र. १५).

१४. पाच वर्षं बॅरिटोन म्हणून शिकलो, आता नवे सर टेनर म्हणतात. कुणाचं खरं?

दोघांचंही खरं असू शकतं, आपापल्या वेळी. डोमिंगो १९५९ मध्ये मेक्सिकोत बॅरिटोन म्हणून ऑडिशनला गेले, ऐकणाऱ्यांनी त्यांना टेनरचं काही गायला लावलं. कार्लो बेर्गोंझी काही वर्षं रंगमंचावर बॅरिटोन गाऊन १९५१ मध्ये टेनर झाले. बदल करायचा असेल तर वर्षभर मैफली कमी करा, वळणाच्या जागेवर (प्र. १) काम करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ऐकवा. वर गेल्यावर बोलण्याचा आवाज घोगरा होऊ लागला तर थांबा. उलट दिशेनेही होतं: खोटा टेनर वर्षानुवर्षं ताणत राहतो आणि बॅरिटोन म्हणून सुटतो.

१५. मोठी भूमिका लवकर चालून आली तर नाही म्हणायचं? पुन्हा विचारलंच नाही तर?

ती भूमिका आज, पियानोबरोबर, लागोपाठ दोन दिवस पूर्ण गाऊन तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज स्वच्छ असेल तर हो म्हणा. नसेल तर नाही. नाही म्हणताना कारण सांगा आणि झेपणारी दुसरी भूमिका सुचवा. चांगले संचालक असा गायक लक्षात ठेवतात. भीती मला कळते, टेनरना मागणी असते म्हणूनच त्यांना लवकर वापरून घेतलं जातं. तिथे "आपल्या मुलाला संधी आली" म्हणून पेढे वाटणाऱ्या घरच्यांनी जरा दम धरावा, त्याच्यावर आणखी एक ओझं होतं.

१६. ढोल पथकात आहे. गणपतीत वाजवू का?

वाजव, पण कानात इअरप्लग घाल आणि घोषणा देऊ नकोस. त्या आवाजात ओरडून बोलणं हे गायकाच्या गळ्याला सर्वांत वाईट. मिरवणुकीनंतर दोन-तीन दिवस गाणं बंद. विसर्जनानंतरच्या आठवड्यात ऑडिशन असेल तर यंदा पथक नाही. क्लासमध्ये शिकवणाऱ्यांनीही हेच लक्षात घ्यावं: दिवसाचे पाच तास मोठ्याने बोलून संध्याकाळी टेनर गाता येत नाही.

१७. आवाज बसलाय. किती दिवस वाट बघायची?

सर्दीने बसला असेल तर आठवडा-दहा दिवस. दोन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला, किंवा गाताना एकदम आवाज गेला, तर स्वरतंतूंची स्ट्रोबोस्कोपी करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी, आणि तोवर अजिबात बोलू नका. कुजबुजूही नका. गाठ निघाली तरी संपलं असं नसतं, रोलांदो व्हियाझोननी २००९ मध्ये स्वरतंतूवरची गाठ काढून घेतली आणि ते पुन्हा गायले.

१८. वय २७. उशीर झाला का?

आधी कुठलंही गाणं शिकला असाल आणि नोटेशन वाचता येत असेल तर नाही. शून्यापासून सुरुवात असेल तर व्यवसायाची वाट अरुंद आहे, कारण वयाच्या अटी (प्र. १२). कॉयर, चेंबर संगीत, आपल्या गावात शिकवणं, यांना वयाची अट नाही, आणि नाशिकला शिक्षकांची फार गरज आहे.

१९. फ्लॅटमध्ये रियाज करतो, शेजारी तक्रार करतात. घरचे म्हणतात किंचाळतोस.

वेळ ठरवून शेजाऱ्यांना आधीच सांगा. सलग तासभर गाऊ नका, वीस-वीस मिनिटं दोनदा. बाकी रियाज नळीचा (प्र. ९), ओठ मिटून, शब्द पाठ करण्याचा, तो कुणाला ऐकू जात नाही. घरच्यांसाठी एक विनंती: बंद खोलीत जवळून टेनर ऐकला तर तो कर्कश वाटतोच, कारण तो आवाज शेवटच्या रांगेसाठी असतो. एकदा मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये नेऊन त्याला मागून ऐका.

२०. मुंबईत सकाळी अकराला ऑडिशन आहे. पहाटे निघून पंचवटी एक्सप्रेसने जाऊ का?

नको, आदल्या दिवशी जा. आवाज जागा व्हायला उठल्यापासून तीन-चार तास लागतात आणि गाडीत गप्पा मारताना तो तिथेच खर्च होतो. बोगीत बोलू नका, मफलर जवळ ठेवा. दोन आरिया न्या, पहिली अशी जी तापातही गाता येईल. पियानोवादकासाठी वेगळी प्रत काढा: कुठे श्वास घेणार त्या जागा पेन्सिलने दाखवलेल्या, कापलेला भाग स्पष्ट खोडलेला, आणि पानं एकमेकांना चिकटवून फाइलला लावलेली. सुटी पानं पंख्याखाली उडतात. आत गेल्यावर आधी पियानोवादकाकडे जा, नमस्कार करा आणि पहिल्या चार मात्रा हळू आवाजात गुणगुणून लय सांगा.